अडलेली घटका

एका राज्यात चांगोजी नावाचा घटकावाला होता. तळाला बारीक छिद्र असलेलं तांब्याचं पात्र पाण्यात सोडायचं, ते भरून बुडालं की तास ठोकायचा आणि पात्र पुन्हा तरंगतं करायचं, एवढंच त्याचं काम. त्या ठोक्यावर सारं राज्य जेवायचं नि झोपायचं. चांगोजीला मात्र वीस वर्षांत त्या पात्राचा वीट आला होता. म्हणून तो बसल्या जागी मनातले मांडे खायचा. आपण सात बेटांचे राजे आहोत, पांढऱ्या हत्तीवर बसलो आहोत.

एके दिवशी ऐन दुपारी तो मनोराज्यात इतका रमला, की पात्र बुडालेलं त्याला कळलंच नाही. त्या राज्याला जुना शाप होता. ठोका चुकला, तर ती घटका सरायची नाही. झालं, सूर्य डोक्यावर अडकला. चुलीवरचा भात शिजेना, विरजण लागेना. चांगोजीची लेक चंपावती बाळंतपणाला माहेरी आली होती, ती कळा देता देता अडली. सुईणीनं हात टेकले.

तिकडे मनोराज्यात अडकलेल्या चांगोजीच्या सिंहासनासमोर एक साळुंकी येऊन बसली. तिनं घडलेलं सगळं सांगितलं. चांगोजी सिंहासनावरून ताडकन उठला.

"परत कसा जाऊ?"

"तीन गोष्टी सोड, राजा. मुकुट, हत्ती आणि ते समोरचं दार."

मुकुट त्यानं लगेच उतरवला. हत्तीला सोडताना जड गेलं, पण सोडला. दार मात्र त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. इथली वीट न् वीट त्यानंच कल्पिलेली, हे दार तेवढं त्याचं नव्हतं. फटीतून उजेड येत होता. त्यानं कडीला हात घातला.

"आत काय आहे?"

"मलाही ठाऊक नाही," साळुंकी म्हणाली. "उघडलंस, तर परतीची वाट नाही."

चांगोजी कितीतरी वेळ उभा राहिला. मग कडी सोडून वळला, आणि वळताना ढसाढसा रडला.

डोळे उघडताच त्यानं पाण्यात हात घालून पात्र वर काढलं नि तास ठोकला. सूर्य हलला. शाप फिटला. मागच्या घरातून तान्ह्याचं रडू ऐकू आलं.

सुईणीनं नात आणून त्याच्या मांडीवर ठेवली. एक डोळा पात्रावर ठेवून चांगोजी तिच्याकडे पाहत राहिला. ही कुणासारखी होईल, काय बोलेल, कुठे जाईल, त्याला काही म्हणजे काही सुचेना.

चांगोजीची अडलेली घटका सरली, तशी ज्याची त्याची सरो.