राहीची खुंटी

आमच्या आजोबांच्या आजोबांनीही जिला पाहिलं नव्हतं, अशी एक बाई बेलतरच्या घाटावर नाव चालवायची. तिचं नाव राही. तिच्या हातात वल्हं आलं की नदी वाट सोडायची, असं म्हणतात. कुणी पाहिलं, ते मला विचारू नका. राहीनं मात्र नक्की विचारलं असतं.

पाच गावची पोरं-पोरी तिच्याकडे नाव शिकायला येत. वल्हवायला ती महिन्याभरात शिकवायची, पण पुराचं पाणी ओळखायला शिकवताना वर्षं जात. त्या काळी सगळ्यांची समजूत अशी, की टिटवी जिथं अंडी घालते, तिथवर पाणी चढत नाही. टिटवीचं घरटं राहीइतकं अचूक कुणी शोधत नसे. ती बोट दाखवायची आणि खालची आळी निर्धास्त झोपायची.

एकदा सुंद्रा नावाच्या तिच्या शिष्येनं विचारलं, "मावशी, टिटवी कधी चुकली का?"

"कधीच नाही," राही म्हणाली.

"मग ठकीमावशी गेली ते वर्ष?"

ठकी म्हणजे राहीची धाकटी बहीण. बारा वर्षांपूर्वीच्या पुरात ती आपल्या घरातच बुडाली होती. राही फटकन म्हणाली, "त्या वर्षी कुत्र्यानं अंडी हलवली होती."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

"तेव्हा टिटवी म्हातारी होती."

टिटवी बरोबर आली की तिची हुशारी, आणि चुकली की कुत्र्याची चूक, असं आपण वीस वर्षं करत आलो, हे राहीला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून तिचा पाय घाटावर ठरेना. ती चढावरून खाली यायची, पुन्हा वर जायची, स्वतःशीच बोलायची. तिच्या येरझाऱ्यांनी तिथं वाट पडली, असं म्हणतात. वाट आहे खरी, पण तिथून म्हशीही जातात.

पुढच्या वर्षी पाणी वाढण्याआधी तिनं शिष्यांना घाटावर बोलावलं. प्रत्येकाच्या हातात बाभळीची खुंटी दिली आणि म्हणाली, "पाणी कुठवर येईल असं वाटतं, तिथं आत्ता ठोका. का वाटतं ते सगळ्यांसमोर सांगा. एकदा ठोकलेली खुंटी कुणी हलवायची नाही. मीसुद्धा नाही."

तिनं स्वतःची खुंटी टिटवीच्या घरट्याशी ठोकली. मग सुंद्राचे डोळे बांधून तिला एक दगड भिरकावायला लावला. तो पडला तिथं आणखी एक खुंटी ठोकली. तिला नाव पडलं आंधळी खुंटी.

"हिचा काय उपयोग?" पोरं हसली.

"टिटवीला काही कळत असेल, तर ती हिच्यापेक्षा बरी ठरायला हवी," राही म्हणाली.

पाणी ओसरलं की काडीकचऱ्याची रेघ उरायची. त्या रेघेपासून प्रत्येक खुंटीपर्यंत ती पावलं मोजायची. अशी सात वर्षं गेली. तीन वर्षं टिटवीची खुंटी जवळ आली, चार वर्षं आंधळी. शेवटच्या मोजणीनंतर राही तिथंच मातीत बसली आणि बहिणीचं नाव घेऊन रडली.

आठव्या वर्षी टिटवीनं अगदी पाण्याच्या काठाशी अंडी घातली. खालची आळी खूश झाली. राही पारावर उभी राहिली आणि म्हणाली, "टिटवीचं ऐकू नका. आजवर माझं ऐकलंत तेही विसरा."

पाटील चिडला. "मग पाणी कुठवर येणार, ते तरी सांग!"

"मला माहीत नाही."

"सात वर्षं खुंट्या ठोकून एवढंच शिकलीस?"

"हो. आधी तेवढंही कळत नव्हतं. माहीत नाही, म्हणूनच म्हणते, वर चला."

लोक तिला नाही नाही ते बोलले. तिनं घरी जाऊन वर आडोसा करायला स्वतःच्या दाराची फळी उचकटली, डोक्यावर घेतली आणि माळ चढू लागली. मागून शिष्य धान्याची पोती घेऊन निघाले. अर्धी आळी कुरकुरत वर गेली. अर्धी हट्टानं खालीच राहिली.

नवव्या दिवशी पाणी आलं. टिटवीची अंडी गेली, सगळ्या खुंट्या बुडाल्या, घरांची छपरं दिसेनाशी झाली. राही दोन दिवस छपरांवरून माणसं उतरवत होती. बारा जणांच्या नावेत तिनं अर्धी आळी, नऊ गाई आणि एक पाळणा एकाच खेपेत आणला, असं म्हणतात. खेपा किती झाल्या कुणास ठाऊक, पण त्या वर्षी बेलतरचं एकही माणूस गेलं नाही.

लोक तिच्या पाया पडायला धावले. पाटील म्हणाला, "बाई, तुला सगळं ठाऊक होतं!"

तेव्हा ती पुराहून जास्त भडकली. "मला ठाऊक नव्हतं! आणि एका वर्षानं टिटवीही खोटी ठरत नाही. मी गेले तरी तिची खुंटी ठोकत जा. कदाचित मीच चुकत असेन."

आजही बेलतरच्या शाळेतली मुलं दर वर्षी पाणी वाढण्याआधी घाटावर जातात. आपापली खुंटी ठोकतात आणि कारण सांगतात. एकाचे डोळे बांधून दगड फेकतात. पाणी ओसरल्यावर ज्याची खुंटी सगळ्यांत लांब राहिली, त्याला पहिल्यांदा बोलायला उभं करतात. आपण काय धरून चाललो होतो ते तो सांगतो, आणि कुणीही हसत नाही.

टिटवीच्या घरट्याशी ठोकतात ती राहीची खुंटी. आजवर ती आंधळ्या खुंटीच्या तीन वर्षं पुढं आहे. मी एकदा मुलांना म्हटलं, म्हणजे टिटवीला कळतंच की काहीतरी! तशी एक मुलगी माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "आजोबा, तीन म्हणजे काहीच नाही. अजून मोजू द्या."