हिऱ्याची पंगत

सहलीच्या जहाजावर जितक्या रात्री काढाल तितका प्रवाशाचा दर्जा वाढतो, असा त्या कंपनीचा नियम होता. धारपसाहेबांनी या दर्जापायी गणपती सोडले, दिवाळी सोडली, सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेले नाहीत. अखेर त्यांना ‘हिरा’ दर्जा मिळाला. त्याचा बिल्ला ते आंघोळीपुरताच काढत असावेत.

त्या संध्याकाळी जेवायला येऊन बघतात, तर कप्तानाशेजारच्या खुर्चीत संगमेश्वरच्या द्वारकाकाकू! काकू जहाजावर पहिल्यांदाच आलेल्या, म्हणून कप्तानानेच त्यांना कौतुकाने बोलावलं होतं.

“उठा काकू,” साहेब भर जेवणघरात गरजले. “ही जागा हिऱ्यांची. तुम्ही काल आलात. माझं तर हे घर आहे, घर!”

कप्तानाशेजारी ‘हिरा’ प्रवाशानेच बसायचं, हाही कंपनीचाच नियम; कप्तानाचा नाइलाज झाला. काकूंचे कान तापले. चारचौघांत असं कुणी त्यांना ताटावरून उठवलं नव्हतं. पण त्या शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही इथले घरचे?”

“अर्थात!”

“मग बरं झालं बाई. आमच्याकडे पहिल्या पंगतीला पाहुणे बसतात. घरचे वाढतात आणि मागाहून जेवतात.” काकूंनी भातातला डाव उचलून साहेबांच्या हातात दिला. “घ्या, कप्तानसाहेबांपासून सुरुवात करा. आणि नुसतं वाढू नका हो, आग्रह करा.”

कप्तानाने हसत ताट पुढे केलं. साहेब डाव धरून उभेच. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून हाक आली, “अहो घरचे, इकडे वरण!”