दानिएलाचा एडका आणि हसाजीचा घाणा

माझी शाळा लवकर सुटली. शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच आहेत. तेवढं पोटात घाला.

एका गावात एक भोळा तेली होता. नाव हसाजी. गाव अलिबागच्या बाजूला, समुद्राकाठी. हसाजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी. शनिवारी त्याचा घाणा बंद, म्हणून लोक त्याला शनवार तेली म्हणत. आईबाप नव्हते, रिबकाआत्यानं वाढवला. त्याचं लग्न व्हावं, एवढाच तिला घोर. पण हसाजीनं तोंड उघडलं की आलेलं स्थळ चहासुद्धा न पिता परत जाई. आता एकच स्थळ उरलं होतं, झिराडचं.

एका शनिवारी प्रार्थनाघरात प्रार्थना चालवणाऱ्या हझानबाबांनी दानिएल संदेष्ट्याला झालेलं दर्शन पोथीतून वाचून दाखवलं. नदीकाठी दोन शिंगांचा एडका उभा आहे, कुणालाच आवरत नाही.

हसाजीनं भीत भीत विचारलं, "बाबा, कुणाचा एडका?"

"अरे, तो नुसता एडका नव्हे. पुढच्या काळाची खूण आहे ती. एडका म्हणजे राजा."

"एडका म्हणजे राजा," हसाजीनं घोकलं.

दुसऱ्या दिवशी धनगराचा एडका आत्याच्या कांद्यात शिरला. हसाजी धावत गेला आणि कमरेत वाकून मुजरा केला. "महाराज, तिकडची पात जास्त कोवळी आहे."

महाराजांनी सगळा वाफा साफ केला.

आत्या कडाडली, "मेल्या, एडका दिसला की काठी हाणायची!"

"बरं, आत्या."

पुढच्या शनिवारी हसाजी काठी घेऊनच प्रार्थनेला गेला. हझानबाबांनी वाचलं, "आणि तो एडका ढुशा देत पश्चिमेकडे निघाला..."

हसाजीनं काठी हाणली. दिवा फुटला. बाबांची टोपी उडाली.

"अरे मूर्खा! दानिएलानं काठी हाणली का? त्यानं नम्रपणे विचारलं, याचा अर्थ काय?"

"बरं, बाबा."

गुरुवारी घाण्याचा बैल दावं तोडून तिळाच्या पोत्यात तोंड घालून उभा राहिला. हसाजी त्याच्यासमोर बसला, हात जोडले. "याचा अर्थ काय?"

बैलानं दुसरं पोतं फोडलं.

"आणि याचा?"

संध्याकाळी बैल फुगून आडवा झाला. आत्यानं कपाळ बडवून घेतलं. "जनावराला कुणी अर्थ विचारतं होय रे? डोळ्यांना झापड बांधायची, घाण्याला जुंपायचं आणि मुकाट फिरवायचं!"

"बरं, आत्या."

शनिवारी दिवस मावळल्यावर मुलीचे वडील आले. मुसाजीशेट झिराडकर. भारदस्त माणूस, मिशा दोन्ही बाजूंनी शिंगांसारख्या वळलेल्या. आत्यानं हसाजीला एक अक्षर बोलू दिलं नाही, त्यामुळे तो त्यांना फार आवडला. "मुलगा शांत आहे. उद्या साखर वाटू," असं म्हणून ते झोपले.

सकाळी आत्या विहिरीवर निघाली. जाताना म्हणाली, "मी येईपर्यंत पाहुण्यांना अगदी राजा समज. चुकलास तर जन्मभर एकटा राहशील."

"राजा," हसाजी म्हणाला. "बरं, आत्या."

आत्या परत आली तेव्हा घाणा करकरत होता. बैल तर अजून गोठ्यात आडवाच. घाण्याभोवती मुसाजीशेट फिरत होते. डोळ्यांना झापड, मानेवर जोखड.

"जावईबापू," ते धापा टाकत म्हणाले, "तुमच्याकडची रीत असेल, माझं काही म्हणणं नाही. पण अजून किती फेरे?"

आत्याच्या डोक्यावरचा हंडा पडला. "अरे, काय केलंस हे!"

"राजा म्हणजे एडका. एडका म्हणजे जनावर. अर्थ विचारला नाही, आत्या. काठीही हाणली नाही," हसाजी आनंदानं म्हणाला. "आणि बैलापेक्षा हा बरा. तिळाला तोंड लावत नाही!"

आता शेटनी झापड ओढून काढली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मानेवरचं जोखड फेकलं आणि वहाणासुद्धा न घालता झिराडच्या दिशेनं पळत सुटले. आत्या पायरीवर बसून मोठ्यानं रडू लागली.

हसाजीनं दावं उचललं आणि शेटच्या मागं धावला.

"रडतेस काय, आत्या!" तो ओरडला. "आधी कांद्याचा वाफा सांभाळ, राजा सुटलाय!"