पुन्हा फिरून ये

“रिंग तुम्हाला ऐकू आली होती ना, चाचा?”

श्रीरंग केसकर उभाच होता. बस म्हटलं तरी बसला नाही.

चाचा तांबोळी त्याच्या विमानाचं चाक फडक्याने पुसत होते. माणसाच्या उंचीएवढं जेट, खरं इंजिन असलेलं, हातातल्या रेडिओवरून उडवायचं. शेपटीवर पिवळा पट्टा. तो मृणालने, श्रीरंगच्या बायकोने रंगवला होता.

“कुठली रिंग?” चाचांनी विचारलं.

“ठाऊक आहे तुम्हाला.”

चाचांचा हात थांबला...

सोळा महिन्यांपूर्वीचा तो साधा रविवार होता. निघताना मृणाल म्हणाली होती, येताना कोथिंबीर आण. श्रीरंग नेहमीसारखा बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या धावपट्टीवर आला. वायुदलातून फिटर म्हणून निवृत्त झालेले चाचा तिथे विमानं उतरवायला शिकवत. त्यांचा एक नियम होता. उडवण्याआधी फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा.

त्या दिवशी श्रीरंगचं विमान असं उतरलं, की चाकं कधी टेकली ते कुणाला कळलंच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग चाचांनी डबा उघडून त्याला फोन दिला. मृणालचे दोन फोन येऊन गेले होते. त्याने परत लावला. पलीकडून अनोळखी माणूस बोलला. मृणाल गेली होती.

तेव्हापासून श्रीरंगचं प्रत्येक विमान उतरताना उसळत होतं. पुढच्या चाकाचा पाय तीनदा मोडला होता.

“ऐकू आली होती,” चाचा म्हणाले.

“आणि तुम्ही गप्प राहिलात!”

“तुझं विमान उतरत होतं.”

“विमान! हे खेळणं?”

“त्या दिवशी खेळणं म्हणाला असतास, तर मी सांगितलं असतं.”

“शब्दांत पकडू नका मला. वर्गात मुलांना असंच पकडतो मी.”

“मग ओळखशील, प्रोफेसर.”

श्रीरंगने खिशातून कागद काढला.

“रेडिओत उड्डाणाची नोंद राहते. फोनमध्ये वेळ राहते. दोन्ही ताडून पाहिलं काल. पहिल्या खेपेला विमान पट्टीवर आलं होतं. जरा उंच होतं, एवढंच. उतरवता आलं असतं. उसळलं असतं, उसळू दे! तुम्ही म्हणालात, पुन्हा फिरून ये. तेव्हा तिचा फोन वाजायला लागला होता, चाचा. आधीच!”

“हो.”

“हो काय? मला दीड मिनिट आकाशात फिरवलंत. झकास उतरावं म्हणून. तिला काय सांगायचं होतं? दुखतंय म्हणायचं होतं, की कोथिंबीर? मला आता कोण सांगणार?”

माळावर वारा होता. चाचांनी फडकं घडी करून ठेवलं.

“उडव,” ते म्हणाले.

“मी उडवायला आलो नाही.”

“मग हे एवढं धूड गाडीत घालून आणलंस कशाला?”

श्रीरंगचा राग वाढला. त्याने रेडिओ उचलला.

“फोन डब्यात टाकणार नाही.”

“नको टाकूस.”

विमान गेलं, फिरलं, परत आलं. टेकलं आणि उसळलं. श्रीरंगने रेडिओची स्टिक पुढे दाबली. नाक आपटलं. विमान आणखी उंच उसळलं. त्याने पुन्हा दाबली. चौथ्या उडीनंतर ते गवतात जाऊन थांबलं.

“बघा! पट्टीच खराब आहे तुमची.”

“उसळल्यावर दाबलंस का?”

“वर गेलं. खाली आणायला नको?”

“वर गेलेलं खाली येणारच असतं. नाक आहे तिथेच धरून ठेवायचं, इंजिनाला थोडा जोर द्यायचा, वाट बघायची. तूच नव्या पोरांना सांगायचास.”

“वाट बघितली की काय होतं, ते पाहिलंय मी.”

चाचांनी विमान उचलून आणलं, पुढचा पाय हलवून पाहिला. मग घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी होते.

स्वतःचा फोन त्यांनी डब्यात टाकला. डबा श्रीरंगच्या पायाशी ठेवला.

“इथे उभा राहा. मी त्या दिवशी जिथे होतो तिथे.”

“नाटकं नकोत.”

“माझ्या मुलीचा फोन येतो अकराला. रोज.”

चाचांनी विमान उडवलं. वय झालेलं, तरी हात स्थिर. दोन फेऱ्या झाल्या. विमान वळून पट्टीच्या रेषेत आलं. पिवळा पट्टा उन्हात दिसला. श्रीरंग डोळे बारीक करून बघत राहिला. उतार चुकला होता. असंच आलं तर पट्टीच्या मधोमध आपटणार... मृणालचा पट्टा...

“उंच आहे, चाचा! पुन्हा फिरून या!”

चाचांनी जोर दिला. इंजिनाने दोन श्वास घेतले, मग विमान वर उचललं गेलं. डोक्यावरून शिट्टी वाजवत निघून गेलं.

फेरी पूर्ण झाली. या वेळी ते खाली आलं आणि पट्टीच्या वीतभर वर तरंगत राहिलं. चाचांनी ते टेकवलं नाही. नुसतं धरून ठेवलं. थोड्या वेळाने ते धावताना दिसलं.

श्रीरंगने श्वास सोडला.

तेव्हा त्याला पायाशी पत्रा थरथरताना जाणवला. फोन वाजत होता. दुसऱ्यांदा वाजत होता...

तो वाकायच्या आत फोन थांबला.

“कधीपासून?” चाचांनी विचारलं. पाठमोरेच होते.

“...तुम्ही उंच होतात, तेव्हापासून.”

“ऐकू येत होता?”

“येत होता बहुतेक.”

चाचांनी इंजिन बंद केलं. शिट्टी उतरत उतरत विरली.

“म्हणजे मी आता गप्प बसायचं?” श्रीरंग ओरडला. “मीही नाही उचलला, म्हणून तुमचं माफ झालं?”

“नाही झालं.”

“मग हे दाखवलंत कशाला?”

चाचांनी रेडिओ त्याच्या हातात दिला. तो घ्यायला श्रीरंगचे दोन्ही हात पुढे झाले.

चाचा खाली बसले. डब्याचं झाकण काढलं, फोनकडे पाहिलं.

“त्या दिवशी तुझे हात गुंतलेले होते,” ते म्हणाले. “माझे रिकामे होते. डबा माझ्या पायाशी होता. मी फोन उचलला नाही.”