निळ्या साळुंकीने सांगितलेली नावे

एका राज्यात मेघवर्ण नावाचा राजा होता. त्याचा एकुलता एक पुत्र कुवलय घाट उतरताना घोड्यावरून पडला आणि जागीच गतप्राण झाला. राजाच्या डोळ्यांतून टिपूस आले नाही. तो एकच विचारीत राहिला, "हे कोणी केले?"

घोड्याचा मोतद्दार सिदोजी हात जोडून म्हणाला, "महाराज, पावसाने खडक निसरडा झाला होता. घोड्याचा पाय घसरला. कोणी काही केले नाही."

राजाला ते पटेना. एवढा मोठा घाव, आणि तो घालणारा हातच नाही?

तेव्हा कंकाळनाथ नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याच्या हाती पिंजरा होता आणि पिंजऱ्यात निळी साळुंकी. तो म्हणाला, "हिच्या चोचीपाशी कान न्यावा आणि विचारावे. विचारणाऱ्यालाच नाव ऐकू येईल. ते त्याने मोठ्याने उच्चारावे. लोकांनी 'होय, हाच!' म्हटले, की अपराधी पाषाण होईल." पिंजरा ठेवून मांत्रिक वाऱ्यात विरून गेला.

राजाने विचारले आणि नाव उच्चारले, "सिदोजी." लोक गरजले, "होय, हाच!" सिदोजी उभ्या जागी दगड झाला.

त्या दिवशी राजा पोटभर जेवला. पण दुःख परतून आले, तेव्हा त्याने पुन्हा विचारले. माळी दगड झाला. वैद्य दगड झाला. मग प्रजाही पिंजऱ्यापाशी येऊ लागली. कोणाची गाय आटली, कोणाचे मूल आजारी पडले. प्रत्येकाला नाव हवे होते, आणि प्रत्येकाला ते मिळत होते. बाजारातले लोक दगडांना वळसा घालून चालू लागले. शेजारी दिसला की शेजारी दार लावून घेई.

राजाच्या विद्याशाळेत चारुमती नावाची विदुषी होती. ग्रहण म्हणजे राहूचा घास नव्हे, ती नुसती सावली, असे ती शिकवी. म्हणून लोक तिला आधीच बिचकून असत. ती भरदरबारात उभी राहिली.

"महाराज, सिदोजी खरे बोलत होता. काही संकटांना कर्ता नसतो."

सभेच्या अंगावर काटा आला. कर्ता नसेल, तर उद्या कोणाचेही मूल असेच जाईल! त्यापेक्षा शत्रू बरा. शत्रूला निदान दगड करता येतो. राजा पिंजऱ्याकडे वाकला, ताठ झाला आणि म्हणाला, "चारुमती."

"होय, हीच!" पुढच्या रांगाच गरजल्या, म्हणून चारुमतीची फक्त पावले दगड झाली.

ती म्हणाली, "या राज्यात दंड झालेल्याला तीन मागण्यांचा अधिकार आहे."

"माग."

"सेनापती रणधवलांनी साळुंकीला विचारावे, कुवलयाला कोणी मारले? जे ऐकतील ते बोलावे."

सेनापतीने कान लावला. "राणीसाहेबांचा भाऊ!" तो ओरडला. सभा चपापली. पण मागून कोणी म्हणाले, "त्याला हिनेच फितवले असेल! हीच ती!" दगड चारुमतीच्या कमरेपर्यंत चढला.

"आता राणीसाहेबांनी विचारावे."

राणी इंदुमती पिंजऱ्याकडे वाकली. "सेनापती रणधवल," ती म्हणाली. रणधवलाचा हात तलवारीवर गेला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. पुत्र एक, प्रश्न एक, आणि मारेकरी किती? तरीही काही जण घाबरून ओरडलेच, "हीच!" दगड छातीला भिडला. चारुमतीला श्वास पुरेना.

"तिसरी मागणी, महाराज. तुम्ही पुन्हा विचारा. माझ्यावरचा राग क्षणभर बाजूला ठेवून विचारा."

राजा वाकला. बराच वेळ तो उठलाच नाही. उठला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय ऐकलेत?" राणीने विचारले.

"मेघवर्ण," राजा म्हणाला. "मीच मारले. तो घोडा मीच दिला त्याला. तू नको म्हणत होतीस."

या वेळी 'होय, हाच!' असे कोणीही ओरडले नाही. दगड चारुमतीच्या छातीशीच थांबला होता. ती कशीबशी बोलली, "तेही खोटे आहे, महाराज. ही साळुंकी कोणालाच ओळखत नाही. विचारणाऱ्याच्या काळजात जे सलते, तेच ती बोलते. तुम्ही मारले नाही. कोणीच मारले नाही."

राजाने राणीकडे पाहिले. राणीने चारुमतीच्या बोलण्याला मान डोलावली. "घोड्याचा पाय घसरला," ती म्हणाली. तेव्हा राजा सिंहासनाच्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. राणी त्याच्याशेजारी बसली.

साळुंकीने चोच उघडली, पण तिच्यापाशी नाव उरले नव्हते. पिंजऱ्यात तिची चिमूटभर निळी राख तेवढी राहिली. नगरात दगड तडकले. चारुमती मोकळी होऊन खाली कोसळली, तिला सेनापतीने सावरले. रस्त्यारस्त्यांत माणसे डोळे चोळीत उभी राहिली आणि ज्यांनी त्यांची नावे घेतली होती ते तोंड लपवू लागले. पुराव्यावाचून कोणालाही दंड होणार नाही, अशी दवंडी त्याच दिवशी पिटली गेली.

सिदोजी दरबारात आला. राजा उठून त्याच्यापुढे वाकला. सिदोजीने त्याला उठवले नाही.

"महाराज, मी खरे सांगितले होते."

"होय. मला ते ऐकायचे नव्हते." राजाने मान वर केली. "तू त्याच्याजवळ होतास. शेवटी तो कसा होता?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलेच नव्हते. सिदोजीचा चेहरा निवळला.

"गात होते, महाराज. घाट उतरताना मोठ्याने गात होते."

"कोणते गाणे?" राजाने विचारले आणि त्याला आपल्याशेजारी पायरीवर बसवले.