सटवाजीची भीती आणि पुसते महाराज

सोनदरा डोंगराच्या पायथ्याशी खैरसावळी नावाचे एक लहानसे गाव होते. त्या गावात पुसते महाराजांचा तीन वर्षे मुक्काम होता. महाराजांचे मूळ नाव कोणालाच ठाऊक नव्हते. ते उपदेश फारसा करीत नसत. भेटेल त्याला प्रश्न पुसत, म्हणून लोकांनीच त्यांना हे नाव दिले. आणि प्रश्न तरी कोणता? मारुतीच्या देवळासमोरच्या पारावर बसून महाराज म्हणत, "बाबा रे, तू पोटासाठी काय करतोस? आणि ते करताना तुला कसं वाटतं?"

सुरुवातीला लोक गोंधळले. रोजचे काम ते! त्याचे काय वाटायचे? पण महाराज उत्तरासाठी असे पुढे सरकून बसत, की माणसाला विचार करावाच लागे. दगडू न्हावी म्हणाला, "महाराज, गावातल्या प्रत्येकाच्या कानामागचा तीळ मला ठाऊक आहे. पण हजामत चालू असताना कुणी माझ्याकडं बघत नाही. कधी कधी वाटतं, मी तिथं नाहीच." महाराज कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. गंगू तेलीण म्हणाली, "घाण्याच्या कुरकुरीनं दिवसभर डोकं उठतं. पण घाणा बंद असला की करमत नाही."

"मग तुझं त्याच्याशी भांडण आहे की प्रेम?" महाराजांनी विचारले.

"नवऱ्यासारखंच आहे बघा!" गंगू म्हणाली, आणि सारा पार हसला. सर्वांत जास्त हसले ते महाराज.

याच गावात सटवाजी नावाचा एक गरीब भक्त राहत होता. आडात उतरून गाळ काढायचा, पडलेल्या घागरी-कळश्या वर आणायच्या, हा त्याचा धंदा. बापाचाही तोच होता. दर गुरुवारी तो पारावर येई, महाराजांच्या पायांवर डोके ठेवी आणि सर्वांच्या मागे जाऊन बसे. एका गुरुवारी महाराजांनी त्यालाच हाक मारली.

"सटवाजी, पुढं ये. तुला तुझं काम कसं वाटतं?"

सटवाजीने मान खाली घातली. तो म्हणाला, "महाराज, खोटं कसं बोलू? मला लई भ्या वाटतं."

पारावर हशा पिकला. आडात उतरणाऱ्याला आडाची भीती! पण महाराजांचे डोळे चमकले. "कशाची भीती? पाण्याची? अंधाराची?"

"अंधाराची न्हाई. वर बघितलं की आभाळ ताटलीएवढं दिसतं, त्याची. वाटतं, ही ताटली कुणी झाकली तर?"

"मग उतरतोस कसा?"

"देवाचं नाव घेत उतरतो. धा पुरुष खोल हाय गावचा आड. तळाला पाय लागस्तवर नाव चालूच असतं."

"आणि नाव घेतल्यावर भीती जाते?"

"न्हाई जात, महाराज. नाव बी असतं आन् भ्या बी असतं."

"बरं, खाली काय ऐकू येतं?"

हे त्याला आजवर कोणी विचारले नव्हते. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "झरा ऐकू येतो! वर कुणालाच येत न्हाई. भरल्या आडात वेगळा, आटल्या आडात वेगळा. मी डोळं मिटून सांगीन, कुठल्या दगडाखालनं येतोय ते."

"वा! वा!" महाराज मांडीवर थाप मारून म्हणाले. "हे आम्हांला ठाऊकच नव्हतं!"

त्या दिवशी पारावर हैबती गवंडी बसला होता. पंचक्रोशीतले सगळे घाट आणि विहिरींची बांधकामे त्याच्या हातची. हात खरोखर कसबी होता. पण त्या कसबाचा ताठा त्याच्या मानेत शिरला होता. तो मिशीवर हात फिरवत म्हणाला, "महाराज, मलाही पुसा. दगड हातात घेतला की मला देवपूजा केल्यासारखं वाटतं. वीस वर्षांत भीती ठाऊक नाही, कंटाळा ठाऊक नाही." मग तो सटवाजीकडे वळला. "आणि हा म्हणे भक्त! देवाचं नाव घेतो आणि थरथर कापतो. नाव घेऊन ज्याची भीतीसुद्धा जात नाही, त्याची भक्ती खोटी. उगाच महाराजांचे पाय विटाळू नकोस!"

सटवाजीने हात जोडले आणि तो खाली मान घालून घरी निघून गेला.

त्याची बायको भागा चुलीपाशी होती. त्याने तिला सारे सांगितले आणि विचारले, "भागा, हैबती मिस्त्री म्हणतो ते खरं असंल का गं? माझं नाव घेणं खोटं असंल?"

भागा भाकरी थापता थापता थांबली. "मला काय कळतंय त्यातलं? पण खोटं असतं तर तुम्ही कवाच धंदा सोडून पळाला असता." एवढे बोलून तिने भाकरी तव्यावर टाकली. सटवाजीचे समाधान मात्र झाले नाही. पुढच्या दोन गुरुवारी तो पाराकडे फिरकला नाही.

वैशाख लागला आणि गावचा आड आटत चालला. दिवसभरात पाच-सहा घागरीही पाणी निघेना. पाटलांनी सटवाजीला गाळ काढायला उतरवले. तो वर आला तो घाबऱ्या चेहऱ्यानेच. "पाटील, झरा आटला न्हाई. त्यो बांधकामामागं तुंबलाय. दगडामागनं पाण्याचा आवाज येतोय, भिंत आतनं पोकळ झाली. तिला हात लावायच्या आधी वरनं दगड मोकळं करत यावं लागंल, न्हाईतर समदं खाली येईल."

ते बांधकाम हैबतीचे. त्याला हा आपला अपमान वाटला. "माझी भिंत पोकळ? अरे, तुझी भीती बोलतीय ही! उद्या मी स्वतः उतरतो आणि पहारीनं झऱ्याला वाट करून देतो. बघ म्हणावं, गवंडी कसा असतो ते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धे गाव आडाभोवती जमले. हैबती कमरेला दोर बांधून ऐटीत खाली उतरला. तळाला जाऊन त्याने दोर सोडून ठेवला. पहारीचे घाव वर ऐकू येऊ लागले. एक, दोन, तीन... आणि मग डोंगर फुटावा तसा आवाज झाला. आडातून धूळ उसळली. पाठोपाठ हैबतीची किंकाळी आली, "पाय अडकला! पाणी आलं, पाणी! मला काढा!"

भिंतीचा खालचा भाग कोसळला होता. मागे तुंबलेले पाणी जोराने आत घुसत होते. ज्या पाण्याची गाव वाट पाहत होते, तेच आता हैबतीचा जीव घ्यायला निघाले! चार धट्टेकट्टे गडी कठड्यापाशी आले, खाली वाकून पाहिले आणि मागे सरले. उरलेली भिंत कधी कोसळेल याचा नेम नव्हता. हैबतीची म्हातारी आई येसूबाई कठड्याला डोके आपटून घेऊ लागली.

सटवाजी गर्दीच्या कडेला उभा होता. त्याच्या पोटऱ्या लटलट कापत होत्या. त्याने येसूबाईकडे पाहिले, एकदा आडाकडे पाहिले, आणि पुढे येऊन दुसरा दोर कमरेला बांधला. "पाटील, दोर घट्ट धरा," तो म्हणाला. भागाने तोंडात पदर कोंबला, पण ती त्याला अडवायला पुढे आली नाही.

नाव घेत घेत तो उतरला. खाली हैबती छातीपर्यंत पाण्यात होता. उजवा पाय दगडांखाली अडकला होता. "सटवाजी! अरे, तू?" एवढेच तो म्हणाला. सटवाजीने पाण्यात हात घालून दगड ओढून पाहिला. हलेना. दुसरा ओढला. तोही हलेना. पाणी हैबतीच्या गळ्याशी आले. सटवाजीने वर पाहिले. ताटलीएवढे आभाळ! नाव त्याच्या ओठांवर अडकले. "महाराज!" तो ओरडला. "मला जमंना हो!"

आणि त्या खोल, गढूळ अंधारात त्याच्या कानाशी ओळखीचा आवाज आला. शांत आणि कुतूहलाने भरलेला.

"सटवाजी, आत्ता काय ऐकू येतंय रे?"

सटवाजीने डोळे मिटले. भीती तशीच होती, पण कान जागे झाले. धबधब्यासारख्या त्या खळखळाटात एक बारीक आवाज वेगळा होता. हैबतीच्या गुडघ्याच्या डाव्या बाजूला, एका लांबट दगडाखालून, पाणी गुरगुरत वाट काढत होते. तिथली माती सुटली होती! त्याने श्वास कोंडून बुडी मारली आणि त्याच दगडाला मिठी घातली. दगड थोडा हलला, अडला. तेवढ्यात त्याच्या दोन हातांशेजारी आणखी दोन हात आले. म्हातारे, हाडकुळे, पण पहारीसारखे बळकट! दगड उपटून बाजूला झाला आणि हैबतीचा पाय सुटला.

हैबतीने त्या वेळी दोन्ही हातांनी सटवाजीचा दोर घट्ट धरला होता. पाण्यातले ते म्हातारे हात त्यानेही पाहिले आणि ओळखले.

दोघांना वर ओढून घेतले आणि घटकाभरात उरलेली भिंत धडाडून खाली गेली. हैबतीचा पाय मोडला होता, पण जीव वाचला. जरा सावरताच त्याने विचारले, "महाराज कुठं आहेत? ते वर आले का?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. महाराज आडाकडे फिरकलेच नव्हते! एवढ्यात देवळाचा गुरव पिराजी धावत आला. "अहो, हे काय नवल! महाराज मघापासून सभामंडपात माझ्याशी बोलत बसले होते. 'पिराजी, घंटा पुसताना तुला कसं वाटतं,' असं विचारलं आणि मधेच डोळे मिटले. जागचे हलले नाहीत. पण आता छातीपर्यंत अंग ओलं, धोतर चिंब, आणि नखांत काळा गाळ!"

लोकांनी महाराजांच्या नावाचा गजर केला. हैबतीला बाजेवर घालून पारापाशी आणले. महाराज ओल्या धोतरानेच बाहेर येऊन बसले होते. त्यांनी आधी हाक मारली ती सटवाजीला.

"काय रे, आता भीती गेली का?"

सगळे गाव कान देऊन उभे होते. सटवाजी ओशाळला. "न्हाई, महाराज. अजून पोटऱ्या कापत्यात. उद्या बी उतरायचं म्हटलं की कापतीलच."

महाराज खळखळून हसले. त्यांनी सटवाजीला जवळ ओढून छातीशी धरले. "ऐका रे! आम्ही आयुष्यभर पुसत फिरलो. कुणाला काम आवडतं, कुणाला आवडत नाही. दोन्ही माणसं देवाला चालतात. पण भीत भीत दुसऱ्यासाठी खाली उतरणारा दिसला, की देवाला वर बसवत नाही."

मग ते हैबतीकडे वळले. "आणि मिस्त्री, तुम्हांला खाली कसं वाटलं?"

आईसमोर आणि साऱ्या गावासमोर हैबती म्हणाला, "भीती वाटली, महाराज. आजच नाही. वीस वर्षं वाटतेय. प्रत्येक कमानीखालचा टेकू काढताना माझा जीव वर-खाली होतो. कुणाला कळू नये म्हणून मोठ्यानं बोलायचो. काल यानं सांगितलं तेव्हाच मला मनातून पटलं होतं, पण..."

तो महाराजांच्या पायांकडे झुकू लागला, तसे महाराजांनी पाय मागे घेतले आणि बोटाने सटवाजीकडे दाखवले. मोडक्या पायामुळे हैबतीला गुडघे टेकता येईनात. मग तो तसाच बाजेवरून खाली सरकला, धुळीत आडवा झाला, आणि सटवाजीच्या गाळाने माखलेल्या पावलांवर त्याने कपाळ ठेवले.

"अरं, अरं, मिस्त्री!" सटवाजी कावराबावरा होऊन खाली बसला आणि दोन्ही हातांनी त्याचे डोके उचलू लागला. "पाय हलवू नगा, दुखंल!"

हैबतीने डोके उचलले नाही.