खरंच पुसू का?

सन २००९च्या वैशाखात एका फोटो स्टुडिओचा संगणक भरला. जागा हवी म्हणून मालकानं राखणदारालाच काढायचं ठरवलं. राखणदार म्हणजे काहीही पुसण्याआधी "खरंच पुसू का?" असं विचारणारा जुना प्रोग्राम. चुकून पुसल्या जाणाऱ्या एका लग्नाच्या व्हिडिओला त्यानं असंच विचारून वाचवलं होतं.

तो व्हिडिओ म्हणाला, "तात्या, तुमच्याऐवजी मी जातो. ती नवराबायको केव्हाच वेगळी झाली. मला न्यायला कोण येणार?"

"गप बस. मला शिकवू नकोस."

पण मालकाच्या माऊसचा बाण राखणदाराकडे येताच व्हिडिओ आडवा सरकला. राखणदारानं नेमाप्रमाणे विचारलं, "खरंच पुसू का?"

मालकानं न वाचताच 'हो' दाबलं.

राखणदारानं आपल्याच हातानं त्याला पुसलं. जागा झाली. व्हिडिओचं ऋण फिटलं.